डीपीएफचा दिवा लागला तर फिल्टर बदलण्याआधी हे तपासा

माझी गाडी २०२०ची, बीएस-६ डिझेल, ९४ हजार किलोमीटर झालेली. नाशिकमध्ये घर इंदिरानगरला, वर्कशॉप अंबडला, म्हणजे रोज जेमतेम पाच किलोमीटर. गेल्या डिसेंबरात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला आणि चार दिवसांत गाडी ओढेनाशी झाली. एका गॅरेजने नीट तपासणी न करताच नवा फिल्टर सांगितला : एक लाख अठरा हजार. माझं काम शेवटी चार हजारांच्या आत झालं. अंबड-सातपूरला माझ्यासारखे जवळच्या जवळ डिझेल गाडी चालवणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो.

फिल्टरमध्ये काजळी साठते आणि राखही. काजळी जळून जाते. त्यासाठी गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते. यालाच रीजनरेशन, थोडक्यात रीजन, म्हणतात. राख येते इंजिन ऑइलमधून, आणि ती काही केल्या जळत नाही. म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा : फिल्टर काजळीने भरलाय की राखेने? लाखभर किलोमीटरच्या आत बहुतेक वेळा काजळीच असते, आणि ती का जळली नाही याचं कारण फिल्टरच्या बाहेर सापडतं.

माझ्याकडे ते असं सापडलं. ओळखीचा फिटर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, मांडीवर घेऊन शेजारी बसला. द्वारकेहून आग्रा रोडला लागलो. आडगाव नाक्याला कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान ७१. ओझर आलं तरी ७३. तो म्हणाला, ‘‘भाऊ, इंजिनच तापत नाही, मग काजळी जळणार कशी?’’ थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, खोलला. थंड असताना झडप घट्ट मिटलेली हवी. माझ्या झडपेच्या फटीतून २ मिलिमीटरचं ड्रिल आरपार गेलं. कडेला तांबूस गाळ अडकला होता. थंड इंजिनवर गाडी रीजन सुरूच करत नव्हती, आणि रोजच्या पाच किलोमीटरमुळे काजळी वाढत गेली.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्या बघा. फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब त्या सेन्सरला कळवतात. नळी वाकवून पाहा. सरळ असताना न दिसणारी चीर तेव्हा दिसते. मग ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), गळणारा इंजेक्टर, टर्बोतून जाणारं ऑइल.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघायला विसरू नका. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल तर अर्धवट राहिलेल्या रीजनचं डिझेल त्यात मिसळलंय. ते ऑइल आधी बदला, मगच पुढचं काम. ऑइलही मॅन्युअलमध्ये दिलेलं कमी राखेचंच घ्या. त्यात दोनशे रुपये वाचवले तर फिल्टरमध्ये राख लवकर साठते.

मूळ दोष दुरुस्त झाल्यावरच स्कॅनरवरून सक्तीचं रीजन करून घ्या. माझं मोकळ्या प्लॉटवर अर्ध्या तासात झालं. खाली वाळलेलं गवत किंवा पाचोळा नको, सायलेन्सर इतका तापतो की पेट घेईल. राखच भरली असेल तर फिल्टर उतरवून उलट्या दिशेने साफ करून देणारे असतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा राखेवर काही उपयोग नाही.

आतली जाळी काढून सॉफ्टवेअरमधून डीपीएफ बंद करून देतो, असं सांगणारे भेटतील. कृपया करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. आणि तो धूर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकातोंडात जातो. मला ते पटत नाही.

आता दर रविवारी सकाळी पिंपळगाव बसवंतला जाऊन येतो. गिअर एक खालचा ठेवून, दोन हजारांच्या वर आरपीएम, ६०-७०चा वेग. पाचव्या गिअरमध्ये रेंगाळत गेलं तर फिल्टर तापत नाही. परतल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीचं आरपीएम) नेहमीपेक्षा जास्त वाटलं, पंखा जोरात फिरत असला, तर रीजन चालू आहे असं समजतो आणि गाडी बंद न करता पाथर्डी फाट्यापर्यंत आणखी एक चक्कर मारून येतो.