हाताने रंगवलेली जुनी टाइल ओळखायची कशी, जपायची कशी

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लिश टाइलवर विळा नि कणसांची पेंढी घेतलेली बाई दिसली की लोक आधी टाइल पालथी करतात, मागे 'मिंटन' (टाइल बनवणारी नावाजलेली इंग्लिश कंपनी) दिसलं की खूश. माझं ऐका, आधी पुढची बाजू बघा, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून.

चेहरा आणि बोटं, इथेच सगळं कळतं. ब्रशची रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, ब्रश उचलला तिथे रंग साचून गडद झालेला असतो, आणि गालावरची सावली एका रंगातून दुसऱ्यात हळूच विरते. छापील चित्रात तीच सावली बारीक समांतर रेघांनी किंवा ठिपक्यांनी भरलेली दिसते. फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात, म्हणजे रेषा छापील आणि आतला रंग तेवढा हाताने भरलेला. रंग रेषेच्या जरा बाहेर गेलेला दिसतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं हाताचं, पण खालची रेघ नीट बघा. आणि जुनी आहे म्हणजे हाताचीच असेल असंही नाही, लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ मध्येच सहा तासांत बाराशेवर टाइल्स छापून दाखवल्या होत्या.

आता मागची बाजू. शिक्का सांगतो टाइल कोणी बनवली, रंगवली कोणी ते नाही. १८७० नंतर इंग्लंडमध्ये घरी बसून चिनी मातीवर रंगवायचं वेड आलं होतं, लोक कोऱ्या टाइल्स आणून रंगवायचे, लंडनमध्ये हॉवेल अँड जेम्स या दुकानात १८७६ पासून त्याची प्रदर्शनं भरायची. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात सही किंवा आद्याक्षरं शोधा. मागे चौकट तिरकी ठेवल्यासारखा नोंदणीचा शिक्का असेल तर तो १८४२ ते १८८३ मधला, पण ती तारीख डिझाइन नोंदवल्याची, टाइल भाजल्याची नव्हे.

बाई कोण, म्हणजे कुठल्या ऋतूचं, गुणाचं किंवा वेळेचं रूप, ते हातातल्या वस्तूवरून ओळखा. विळा-कणसं म्हणजे उन्हाळा, द्राक्षं म्हणजे शरद, आरसा आणि साप म्हणजे विवेक, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) म्हणजे आशा, अफूची फुलं आणि घुबड म्हणजे रात्र. सुटी टाइल मिळाली तर ती बहुतेक संचातली असते, बाकीच्या शोधायला ही खूण कामाला येते.

साफ करताना घाई नको. टाइल उजेडात तिरकी धरा, रंग किंचित उठलेला किंवा कमी चकाकणारा दिसला तर तो ग्लेझच्या (टाइलवरच्या काचेसारख्या चकाकत्या थराच्या) वर आहे, घासला की जातो, गेला की परत येत नाही. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, मग डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा, फिरवा म्हणजे लोळवा, रगडू नका. ब्लीच, व्हिनेगर, घासणी नकोच, आणि पाण्यात भिजत तर अजिबात ठेवू नका कारण मागची बाजू पाणी शोषते, त्यातले क्षार वर येऊन ग्लेझचे पापुद्रे निघतात आणि तडांमध्ये मळ जाऊन बसतो. मागे चिकटलेलं सिमेंट ग्राइंडरने काढायला जाऊ नका, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं, ती धूळ श्वासातून आत जाते.

टांगायला स्प्रिंगचा हँगर वापरू नका, कडा दाबून टवके उडतात. त्यापेक्षा आतून फेल्ट लावलेली लाकडी चौकट करून घ्या.