लॉगिनच्या अनाहूत विनंत्या : आधीच करून ठेवायची तयारी

या तयारीत पहिला क्रमांक माणसांचा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत एकच ई-मेल खाते मालक, त्यांचा मुलगा आणि अकाउंटंट असे तिघेजण उघडतात, पण ‘आपणच साइन इन करत आहात का?’ हा प्रश्न, म्हणजेच लॉगिनची विनंती, एकट्या मालकांच्या मोबाइलवर येते. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरण्याची घाई चाललेली असताना, ऑफिसातूनच कोणीतरी मेल उघडत असेल असे धरून मालक ‘होय’ दाबून मोकळे होतात. चोराला हीच सवय हवी असते. म्हणून खाते कोण कोण उघडते ते एकदा लिहून काढावे, शक्य तिथे प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे, आणि ते जमत नसेल तर लॉगिन करण्याआधी मालकांना फोन करायचाच, असा नियम घालून द्यावा. फोन आलेला नसेल तर उत्तर ‘नाही’. खरोखरच आपला माणूस असेल तर तो पुन्हा प्रयत्न करील, त्यात फार तर पाच मिनिटे जातील.

विनंती कशामुळे येते हेही आधी समजून घ्यावे, कारण उपाय त्यावर ठरतो. बहुतेक खात्यांत ती पासवर्ड बरोबर पडल्यानंतरच निघते. त्यामुळे आपण काहीच केलेले नसताना ती आली, तर पासवर्ड परक्याच्या हाती गेला असेच समजावे. पासवर्डविना चालणाऱ्या खात्यांचे गणित निराळे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अशा खात्यात कोणी नुसता ई-मेल पत्ता टाकला तरी मोबाइलवर विनंती येऊ शकते, आणि तिथे पासवर्ड बदलून काही साधत नाही. अशा वेळी खात्याला कोणालाही न दिलेला दुसरा पत्ता जोडावा, लॉगिन त्याच पत्त्याने होईल अशी सेटिंग करावी आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या जुन्या पत्त्याने होणारे लॉगिन बंद करावे. जुन्या पत्त्यावरचे मेल पूर्वीसारखेच येत राहतात, फक्त त्या पत्त्यावरून विनंत्या पाठवण्याची वाट बंद होते.

संदेशात दिसणाऱ्या गावाच्या नावावर विसंबू नये. ते नाव इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजाने काढलेले असते. कोल्हापुरात बसून मोबाइल डेटा वापरणाऱ्याचे ठिकाण मुंबई किंवा पुणे असे दिसू शकते, आणि उलट ‘कोल्हापूर’ असे दिसले म्हणून तो माणूस आपलाच, असेही ठरत नाही.

आता सेटिंग्ज. नुसत्या ‘होय–नाही’ऐवजी आकडा जुळवण्याची सोय असेल तर ती घ्यावी, मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधल्या विनंत्यांसाठी ती ८ मे २०२३ पासून सक्तीची करायला सुरुवात केली. या पद्धतीत लॉगिन करणाऱ्याच्या पडद्यावर दोन अंकी आकडा उमटतो आणि तो मोबाइलवर टाईप करावा लागतो. गूगलच्या संदेशात काही वेळा मोबाइलवरच तीन आकडे दिसतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो; झोपेत बोट चुकून योग्य आकड्यावर पडण्याची शक्यता तिथे अर्थातच अधिक. त्याहून भक्कम उपाय पासकीचा (पासवर्डऐवजी आपल्याच उपकरणावर बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन वापरून लॉगिन करण्याची सोय), कारण तिच्यात दूरवरून आलेल्या विनंतीला संमती देण्याचा प्रश्नच येत नाही. गूगल खात्याचे दहा बॅकअप कोड (मोबाइल हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे) छापून बँकेच्या कागदपत्रांसोबत कुलपात ठेवावेत, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या जुन्या कामगाराचा तर नाही ना, हे पाहावे. ही शंका वाटते तितकी अतिरंजित नाही.

विनंत्यांचा भडिमार बहुधा अवेळी होतो. त्रासून दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवर होणारी ही दुसरी खात्री) बंद करणे म्हणजे चोराचे काम आपणच सोपे करून देणे आहे. प्रत्येक वेळी ‘नाही, मी नव्हे’ हेच उत्तर द्यावे आणि संदेशातल्या दुव्यावरून न जाता, स्वतः ॲप उघडून पासवर्ड बदलावा. यानंतर एखादा फोन येण्याचीही मनाची तयारी ठेवावी. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता. त्याने विनंत्यांवर विनंत्या पाठवल्या आणि अखेर त्यांतली एक त्या कर्मचाऱ्याने मान्य केली. आपण कंपनीच्या आयटी विभागातून बोलत असल्याचे त्याला व्हॉट्सॲपवरून सांगितल्याचे हल्लेखोराने नंतर सांगितले. तेव्हा फोनवरचा माणूस कितीही अदबीने ‘साहेब, हे संदेश थांबवायचे असतील तर तेवढे ५२ टाका’ असे म्हणाला, तरी तो आकडा त्याला दिसतो याचाच अर्थ लॉगिन तोच करतो आहे.

‘होय’ दाबले गेलेच, तर करायच्या कामांचा क्रम कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरून साइन आउट करावे (मायक्रोसॉफ्टच्या खात्यात याला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो), अनोळखी उपकरणे आणि नव्याने जोडलेले मोबाइल क्रमांक काढून टाकावेत. त्यानंतर मेलमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून पाहावेत. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या मेलची प्रत गुपचूप दुसरीकडे जात असेल तर पासवर्ड बदलूनही चोर आपली बिले वाचत राहतो. पैसे गेले असतील तर विनाविलंब सायबर मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि संदेशांचे स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवून जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जावे. ज्यांच्याकडून येणे बाकी आहे अशा ग्राहकांना त्याच दिवशी फोन करून सांगावे की आमचे बँक खाते बदललेले नाही, आणि तसा मेल आला तर पैसे पाठवण्याआधी आम्हाला विचारा.