पाच वर्षांच्या एलएल.बी.चा प्रवेश : सीईटी झाल्यानंतरची खरी परीक्षा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कला शाखेतून बारावी झाले. घरात वकील कोणीच नव्हता. वकिलांशी आमचा संबंध आला होता तो आजोबांच्या बांधाच्या दाव्यापुरता. त्यामुळे पाच वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घ्यायचे ठरले तेव्हा सीईटीत, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेत, चांगले गुण मिळाले की प्रवेश झाला, अशीच माझी आणि घरच्यांची समजूत होती. प्रत्यक्षात परीक्षा दोन तासांत संपली आणि प्रवेश हातात पडेपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ गेला. पुढे धाकट्या मावसबहिणीचा आणि गावातल्या आणखी काही मुलामुलींचा अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला. चांगले गुण असूनही जागा हातची गेलेली मुले मी पाहिली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एखादा कागद किंवा चुकलेली तारीख हेच होते. म्हणून परीक्षेच्या तयारीबद्दल थोडक्यात लिहून कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहिते.

बारावीनंतरच्या या अभ्यासक्रमात पदवी आणि एलएल.बी. एकत्रच मिळतात. बी.ए. एलएल.बी. आणि बी.बी.ए. एलएल.बी. ही त्याची नेहमीची रूपे, आणि मुंबई विद्यापीठात त्याला बी.एल.एस. एलएल.बी. असे नाव आहे. आधी तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. या मार्गाने सहा वर्षे लागतात, म्हणजे येथे एक वर्ष वाचते. मात्र वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार या एकत्रित अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेता येत नाही, आणि नुसती पहिली पदवी घेऊन मध्येच बाहेरही पडता येत नाही. तीन वर्षे करून बघू आणि नाही जमले तर बी.ए. घेऊन निघू, असा हिशोब कोणी मनात धरला असेल तर तो आताच सोडावा. वकिलीबद्दल मनात अजून शंका असेल, तर आधी पदवी घेणे हा मुळीच कमी प्रतीचा मार्ग नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, 2016 पासून ही परीक्षा घेत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठांत जायचे असेल तर क्लॅटच द्यावी लागते. क्लॅट फक्त इंग्रजीतून होते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्याच्या सीईटीत गुण कापले जात नाहीत आणि प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. माझ्या वेळी 150 प्रश्न होते, आता 120 आहेत : कायदेविषयक कल आणि तर्क 32, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता 32, सामान्य ज्ञान 24, इंग्रजी 24 आणि प्राथमिक गणित 8. मराठी माध्यमातील मुले इंग्रजीच्या धास्तीने सगळा वेळ व्याकरणाला देतात, आणि 64 गुणांचे पहिले दोन विभाग मागे राहतात. या दोन विभागांसाठी पाठांतर लागत नाही. दिलेला नियम दिलेल्या प्रसंगाला लावून बघण्याची सवय लागते, आणि ती रोजच्या सरावानेच येते. परीक्षेबद्दल एवढेच.

पात्रतेची अट साधी वाटते, पण ती काटेकोरपणे लावली जाते. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी 42 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के गुण लागतात. सहाशेपैकी पाहिले तर हे अनुक्रमे 270, 252 आणि 240 गुण होतात. खुल्या प्रवर्गातील एखाद्याला 269 गुण असतील तर ते 44.83 टक्के होतात आणि त्यांचे 45 करून दिले जात नाहीत. सीईटीत कितीही गुण असले तरी असा अर्ज टिकत नाही. ज्यांचे गुण काठावर आहेत त्यांनी गुणपडताळणीचा अर्ज निकालानंतर लगेच करावा, सीईटीच्या निकालाची वाट पाहू नये.

आता कागदपत्रे. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे जवळजवळ सर्वांना लागते. अधिवास प्रमाणपत्र ज्याला गावाकडे सगळे डोमिसाइल म्हणतात, ते तहसील कार्यालयातून मिळते आणि त्यासाठी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो. जून-जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, कारण अकरावीपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांचे प्रवेश तेव्हाच सुरू असतात. तेच काम जानेवारीत केले तर निवांत होते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते जात पडताळणी समितीकडून मिळते आणि त्याला कधी कधी कित्येक महिने लागतात, कारण वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे जुने पुरावे गोळा करावे लागतात. आमच्याकडे आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी तीनदा जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे लागले, तेव्हा तो मिळाला. अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र घेऊन हा प्रस्ताव दाखल करावा, असे मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राबाबत सर्वांत जास्त चुका होतात. त्यावर मुदत छापलेली असते आणि ती 31 मार्चला संपते. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी काढलेले प्रमाणपत्र बारावीनंतर तसेच जोडले तर तपासणीत ते मुदतबाह्य ठरू शकते, आणि वेळेत नवे दिले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्याची तात्पुरती गुणवत्ता यादी आली तेव्हा नावापुढे खुला प्रवर्ग दिसत होता, पण घरातल्या सगळ्यांनी फक्त क्रमांक पाहिला. हरकत नोंदवायची मुदत उलटल्यावर ते लक्षात आले. तात्पुरती यादी हरकती घेण्यासाठीच लावलेली असते. नाव, प्रवर्ग, गुण, महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून झालेली नोंद, या चारही गोष्टी एकेक करून पाहाव्यात आणि काही चुकले असेल तर मुदतीच्या आत पुराव्यासह ऑनलाइन तक्रार करावी.

नावांतील फरकाची अडचण मला स्वतःला आली. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ आहेत आणि जातीच्या दाखल्यात एक ‘आय’. मराठीत लिहिले तर फरक फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीचा. पण महाविद्यालयात तपासणीला बसलेल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून त्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि फाईल बाजूला ठेवली. त्यांचे काही चुकले नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून दिल्यावर ती फाईल पुढे सरकली, पण तो अर्धा दिवस आणि ऐनवेळी नोटरी शोधण्याची धावपळ सहज टाळता आली असती. अर्ज भरण्याच्या आधीच एका संध्याकाळी सगळे कागद जमिनीवर मांडून सर्वांवरची नावे अक्षर न् अक्षर जुळवून बघावीत.

याहून मोठा प्रसंग मूळ टीसीचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. विधी प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, ज्यांना सगळे कॅप म्हणतात, इतर शाखांच्या मानाने उशिरा होतात. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बरीच मुले तोवर बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घालून ठेवतात, आणि मीही तेच केले. त्या महाविद्यालयाने मूळ टीसी आणि गुणपत्रिका जमा करून घेतल्या. दुसऱ्या फेरीत मला पुण्याच्या विधी महाविद्यालयाची जागा मिळाली तेव्हा हजर होण्यासाठी हातात चार दिवस होते, त्यांपैकी एक रविवार आणि एक सुट्टीचा. पहिल्या महाविद्यालयात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला तर प्राचार्यांची सही हवी, प्राचार्य बैठकीला गेलेले, आणि लिपिक म्हणाले, परवा या. वडिलांनी तिथेच बाकावर बसून राहायचे ठरवले. संध्याकाळी पावणेसहाला प्राचार्य परतले, सही झाली, टीसी हातात आली, आणि आम्ही त्याच रात्रीच्या एसटीने पुण्याला निघालो. या अनुभवावरून सांगते : दुसरीकडे प्रवेश घ्यायचाच असेल तर मूळ कागद किती दिवसांत परत मिळतील हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे, जागा मिळण्याची शक्यता दिसू लागली की प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहून तयार ठेवावा, आणि मूळ कागद जमा करण्यापूर्वी टीसी, गुणपत्रिका यांच्या साक्षांकित प्रतींचे निदान पाच संच काढून ठेवावेत. शिवाय एका वेळी दोन नियमित पदव्यांना नाव ठेवायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत, त्यामुळे पहिला प्रवेश रद्द केल्याचा कागदही जपून ठेवावा.

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये महाविद्यालयांचा क्रम लावताना मुले गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून, आपल्याला काय मिळेल याचा अंदाज बांधतात आणि मिळण्याजोगे महाविद्यालय सर्वांत वर लिहितात. हा क्रम उलटा आहे. खरोखर जिथे शिकायचे आहे ते वर लिहावे, कारण वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट, पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. मुंबईचे 1855 मध्ये सुरू झालेले शासकीय विधी महाविद्यालय, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, आणि पुण्याचे 1924 चे आयएलएस, ही दोन नावे बहुतेकांच्या यादीत असतातच. त्यांच्याखाली काय लिहायचे याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय किंवा लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय अशा ठिकाणी घराजवळ राहून, जिल्हा न्यायालयात पहिल्या वर्षापासून जाता येते, आणि जिल्ह्यातच वकिली करायची असेल तर त्याचा उपयोग मोठा आहे. कोणतेही नाव लिहिण्याआधी त्या महाविद्यालयाला त्या अभ्यासक्रमासाठी बार कौन्सिलची चालू मान्यता आहे का आणि तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित हे पाहावे. एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात आणि शुल्कात फार मोठा फरक पडतो.

शुल्काच्या बाबतीत मुलींसाठी एक महत्त्वाचा बदल झाला आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग (एसईबीसी) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. माझ्या मावसबहिणीला ती मिळाली. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही; जागा मिळेल की नाही या भीतीने घाईघाईत कोट्यात पैसे भरण्याआधी हे लक्षात घ्यावे. या सवलतीसाठी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज वेगळा भरावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि अर्जाचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्यांनी त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही पाहावी.

अलॉटमेंट लेटर घेऊन महाविद्यालयात हजर झाले, शुल्क भरले, पावती मिळाली, की प्रवेश झाला असे वाटते. विद्यापीठाची नोंदणी त्यानंतर व्हायची असते. पात्रता अर्ज भरावा लागतो, आणि राज्य मंडळाऐवजी दुसऱ्या मंडळातून बारावी झालेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्रही द्यावे लागते. मग कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, मिळतो. पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना हा क्रमांक लागतो, आणि पात्रता अडकली असेल तर ते तेव्हाच उघडकीस येते. आमच्या वर्गातल्या दोघांचे निकाल केवळ यामुळे राखून ठेवले होते. प्रवेशानंतर महिनाभराने कार्यालयात जाऊन पात्रता मंजूर झाली का, असे स्वतःहून विचारावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याच खिडकीवर उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे का हेही विचारावे, आणि असेल तर परीक्षा अर्जात माध्यमाचा रकाना नीट भरावा. पुस्तके घेताना एक काळजी घ्यावी. वरच्या वर्गातील मुले जुनी पुस्तके स्वस्तात देतात. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, करार कायदा यांची जरूर घ्यावीत. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत, त्यामुळे या तीन विषयांची पुस्तके नवीच घ्यावीत. जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या कलमांखाली चालू आहेत, तेव्हा कोणी दंड संहितेचे जुने पुस्तक फुकट दिले तर तेही घरी ठेवावे. मी आजही लातूरच्या न्यायालयात ते रोज उघडते.