ग्वाल्हेरच्या थंडीत घोडा मैदानावर काढताना या चुका टाळा

जानेवारीत ग्वाल्हेरला पारा कधी कधी २-३ अंशांपर्यंत उतरतो. तो शून्याखाली गेला नाही, म्हणजे मैदान गोठलं नसणार, हा पहिला गैरसमज. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वरच्या हवेचा असतो. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत राहते आणि मातीचा वरचा थर त्या हवेपेक्षा गार होतो. म्हणून खोगीर चढवण्याआधी मैदानात फिरून जागोजागी टाच मारून बघा, भिंतीच्या सावलीत तर नक्कीच.

सगळंच टणक असेल तर निदान लगेच कळतं. वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ वाळू, हे जास्त वाईट. एक पाय तरतो, दुसरा फसतो. माझ्या घोडीच्या पुढच्या पायाची कंडरा अशीच दुखावली आणि तिला पुन्हा दुडकीवर आणेपर्यंत उन्हाळा लागला. चूक माझी होती. आदल्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून मीच मैदानावर पाणी मारायला सांगितलं होतं. कोरडी वाळू गोठून घट्ट होत नाही. कणांना बांधतं ते पाणी. थंडीत पाणी मारायचंच असेल तर दुपारी, तेही बेताचं.

मीठ टाकावं असं बरेच जण सुचवतात. त्यानं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण खुरं कोरडी पडतात आणि लोखंड गंजतं. आपल्याकडे उन्हाची वाट बघणं केव्हाही बरं. धुकं हटतच नसेल तर त्या दिवशी फक्त चालवा. लहान गोल नकोत, गुळगुळीत नाल असलेला घोडा वळणावरच घसरतो.

लगामाची गार कडी तोंडात देण्याआधी हातात धरून ऊबदार करा. दुडकीआधी १५-२० मिनिटं चाल हवीच. घामेजलेला घोडा तसाच बांधू नका. पुसून, पूर्ण सुकेपर्यंत चालवा, मगच झूल घाला.

आणि पाणी! थंडीत घोडा कमी पितो, त्यातून पोटशूळ होऊ शकतो. बादलीत कोमट पाणी द्या, मोतद्दाराला लीद रोज बघायला सांगा. लीद कोरडी किंवा कमी दिसली, घोडा दाणा सोडून कुशीकडे वळून बघू लागला, तर त्याला मैदानावर काढू नका, पशुवैद्याला बोलवा.