क्ष पूर्णांक आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेतली डेटा सफिशियन्सी (उत्तर काढायचं नाही, दिलेली दोन विधानं एकेकटी किंवा मिळून उत्तराला पुरेशी आहेत का, एवढंच ठरवायचं) असो वा यूपीएससीच्या सीसॅटमधले दोन विधानांचे प्रश्न, गणित येत असूनही मार्क जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: प्रश्नात नसलेली अट आपण मनानेच घालतो. अशा वेळी ‘भरपूर सराव करा’ हा सल्ला कुचकामी आहे. चुकीची सवय ठेवून सराव केला, तर ती सवयच पक्की होते.

० सम आहे, १ मूळ संख्या नाही, २ ही एकमेव सम मूळ संख्या. एवढं पाठ हवंच.

प्रश्न वाचताना ‘पूर्णांक’, ‘धन’, ‘भिन्न’ हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर कच्च्या कामात तसं लिहा: ‘पूर्णांक? सांगितलेलं नाही.’ नुसतं मनात म्हणून भागत नाही, दोन ओळींनंतर ते विसरतं.

आता किमती घालून पाहणं. मी सगळ्यात जास्त मार्क इथेच घालवले. प्रश्न असा: क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? विधान १: क्ष ÷ य > १. विधान २: य > ०.

मी पहिल्या विधानासाठी ६ आणि ३ घेतले. हो. ८ आणि ४. हो. १० आणि २. पुन्हा हो. तीनदा पडताळलं म्हणून निर्धास्तपणे ‘पहिलं विधान एकटं पुरेसं’ निवडलं. खरं तर मी एकच पडताळणी तीनदा केली होती. −३ आणि −२ घ्या: भागाकार १.५ येतो, अट पाळली जाते, पण −३ लहान आहे. बीजगणिताने सोडवणारेही इथेच फसतात. य चं चिन्ह माहीत नसताना दोन्ही बाजूंना य ने गुणतात आणि क्ष > य लिहून मोकळे होतात. बरोबर उत्तर: दोन्ही विधानं मिळून पुरेशी.

म्हणून माझा आग्रह आहे, एकदा ‘हो’ आलं की पुढची संख्या ‘नाही’ आणण्यासाठीच निवडा. −२, −१, −½, ०, ½, १, २ ही यादी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि √२ विसरू नका. ‘न² पूर्णांक आहे’ एवढ्यावरून न पूर्णांक ठरत नाही, हे √२ च दाखवतो. जीमॅटच्या डेटा इनसाइट्स विभागात २० प्रश्नांना ४५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटं मिळतात. दोन नेमक्या संख्या तपासायला तेवढी पुरतात, सहा सारख्या संख्यांना नाही.

दुसरं विधान वाचताना पहिल्याचं कच्चं काम हाताने झाका. तिथली अट नकळत इकडे येते.

याची उलट बाजू मात्र कोणी सांगत नाही. पेन १७ रुपयांचं, वही २५ रुपयांची, एकूण खर्च १३५ रुपये, पेनं किती? दोन अज्ञात आणि एकच समीकरण, म्हणून ‘माहिती अपुरी’ म्हणू नका. पेनं आणि वह्या अर्ध्या विकत मिळत नाहीत, त्यामुळे इथे पूर्णांकाची अट न लिहिताही आहे. वह्या ० पासून ५ पर्यंत घालून पाहा: फक्त २ वह्या घेतल्या की उरलेल्या ८५ रुपयांत नेमकी ५ पेनं बसतात.