आधी स्क्रीन, मग फोटो : एडिटिंगला नव्याने बसणाऱ्यांसाठी

लग्नाचे फोटो एडिट करायच्या कामाला लागलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच एक तक्रार ऐकायला मिळते : "स्टुडिओत फोटो छान दिसत होते, अल्बममध्ये सगळे काळपट आले." दुसरी तक्रार नेमकी उलटी. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि नवरीचा चेहरा पांढराफटक दिसला. दोन्ही वेळा नवखा एडिटर एकच गोष्ट करतो, फोटोचा ब्राइटनेस वर-खाली करतो. पण बिघाड बहुतेक वेळा फोटोत नसतो. ज्या स्क्रीनकडे बघून तो ब्राइटनेस ठरवला, ती स्क्रीनच चुकीची लावलेली असते.

हे का होतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी तीन आकडे असतात, ० ते २५५. त्या २५५ चा उजेड प्रत्यक्षात किती, हे फाइलला माहीत नसतं; ते स्क्रीन ठरवते. खोक्यातून काढलेला नवा मॉनिटर बऱ्याचदा २५० ते ३०० निट उजेड फेकतो. (निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला.) बॅटरीवर चालणारा लॅपटॉप शंभराच्याही खाली उतरतो आणि उन्हात धरलेला मोबाइल ५०० च्या बराच वर जातो. ३०० निटच्या स्क्रीनवर सगळंच लखलखीत दिसतं, म्हणून एडिटर फोटो खाली ओढतो किंवा डार्क आलेला फोटो तसाच सोडतो, आणि कागदावर तो काळपट उतरतो. मंद लॅपटॉपवर काम करणारा तोच फोटो वर ढकलतो आणि टीव्हीवर चेहरे जळतात.

या गोंधळावर एक सर्वमान्य माप आहे, एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ते १९९६ मध्ये मांडलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात स्क्रीन ८० निटची आणि खोली मंद उजेडाची, ६४ लक्सची, धरलेली आहे. (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप.) गॅमा साधारण २.२. गॅमा म्हणजे आकडा आणि उजेड यांच्यातलं नातं. ते सरळ नाही : १२८ हा आकडा २५५ च्या निम्मा असला तरी त्याचा उजेड फक्त २२ टक्क्यांच्या आसपास असतो. निम्मा उजेड हवा तर आकडा १८८ लागतो. जुन्या मॅकवर गॅमा १.८ असायचा, तो २००९ च्या स्नो लेपर्डपासून २.२ झाला. म्हणून त्या काळात मॅकवर बसवलेले फोटो विंडोजवर डार्क दिसत.

स्क्रीन बसवताना

सुरुवात बंद करण्यापासून करा. ऑटो ब्राइटनेस, नाइट लाइट, मॅक असेल तर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन, मॉनिटरच्या मेनूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि इको मोड, हे सगळं बंद. विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरच्या दृश्यानुसार ब्राइटनेस बदलण्याची सोय असते, तीही बंद करा. नाहीतर तुम्ही डार्क फोटो उघडला की स्क्रीन आपणहून बदलते आणि तुमचा हात चुकतो. विंडोजचा एचडीआर (जास्त उजेडाच्या चित्रांसाठीचा) मोड चालू असेल तर साध्या मॉनिटरवर नेहमीचे फोटो फिकट, धुतल्यासारखे दिसतात. एडिटिंगच्या वेळी तो नको. मॉनिटरचा पिक्चर मोड 'एसआरजीबी' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा, 'व्हिव्हिड' किंवा 'गेम' नाही.

आता ब्राइटनेस. एलसीडी मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण मागचा दिवा कमी-जास्त करतं, तेच वापरायचं. कॉन्ट्रास्ट कंपनीने दिलेल्या आकड्यावरच राहू द्या. तो वाढवला की पांढऱ्याजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. काम मुख्यतः अल्बमचं असेल तर १०० निट, वेबसाइट-मोबाइलचं असेल तर १२० निट धरा.

निट मोजायचं यंत्र नसलं तरी कॅमेरा असतोच. मॉनिटरवर पूर्ण पांढरा पडदा उघडा, खोलीतले दिवे घालवा, कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा : आयएसओ १००, एफ ५.६, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य. स्क्रीनसमोर सरळ धरून संपूर्ण फ्रेम पांढऱ्याने भरा आणि फोकस मुद्दाम उडवा. कॅमेरा जो शटर स्पीड दाखवेल त्याच्या खालच्या आकड्याला चारने गुणा. १/३० आला तर साधारण १२० निट, १/२५ आला तर १००, १/६० आला तर २४०. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यात आणि लेन्सप्रमाणे एक-तृतीयांश स्टॉपचा फरक पडू शकतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण ३०० निटवर बसलेला माणूस शंभराच्या आसपास यायला एवढं पुरतं. पहिल्या दिवशी स्क्रीन मेणचट, मंद वाटेल. दोन दिवसांत डोळे सरावतात. ब्राइटनेसचा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा आणि त्याला कोणी हात लावणार नाही असं बघा.

खोलीही स्क्रीनइतकीच महत्त्वाची. डोक्यामागची ट्यूबलाइट काचेत दिसत असेल तर शॅडो, म्हणजे फोटोतले गडद भाग, कधीच कळणार नाहीत. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला आणि पडद्यासह हवी. सकाळी दहाला बसवलेला फोटो रात्री नऊला ब्राइट वाटतो, कारण फोटो तोच असतो आणि खोली बदललेली असते. लॅपटॉपवर काम असेल तर झाकणाचा कोन ठरवून घ्या. टीएन पॅनेलचा (कोनाप्रमाणे चित्र बदलणाऱ्या पडद्याचा) लॅपटॉप असेल तर राखाडी चित्र उघडून झाकण जरासं पुढे-मागे करा. एवढ्यानेच फोटो अर्धा स्टॉप हलल्यासारखा दिसेल. मॉनिटर नवीन घेणार असाल तर आयपीएस पॅनेलच घ्या, त्यावर कोन बदलला तरी चित्र फारसं बदलत नाही.

स्वतःची तपासपट्टी

ही एकदा बनवून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये १२०० बाय ४०० पिक्सेलची एसआरजीबी फाइल घ्या. डावा तिसरा भाग शुद्ध काळा, त्यात ५, १०, १५, २० आणि ३० या राखाडीचे चौकोन. उजवा तिसरा भाग शुद्ध पांढरा, त्यात २५२, २५०, २४५ आणि २४० चे चौकोन. मधल्या भागात आडव्या रेघा, एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी, अशा ओळीने. आणि त्या रेघांवर तीन ठोकळे : १७४, १८७, १९५. पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपेग केली तर रेघा बिघडतात.

आता एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शंभर टक्के झूमवर बघा आणि खुर्ची मागे सरकवून, डोळे किलकिले करा. रेघांचा मिळून निम्मा उजेड होतो. मधला, १८७ चा ठोकळा रेघांत विरघळला तर गॅमा २.२ च्या जवळ आहे. १७४ चा विरघळला तर गॅमा १.८ च्या आसपास आहे, म्हणजे तुमची स्क्रीन मधल्या छटा उगाच उजळ दाखवते. १९५ चा विरघळला तर स्क्रीन त्या छटा दडपते. (झूम शंभर टक्के नसेल, किंवा ब्राउझर चित्र ताणत असेल, तर ही परीक्षा साफ चुकीचं उत्तर देते.)

काळ्या भागात मंद खोलीत १० चा चौकोन दिसायलाच हवा, ५ चा जेमतेम. ५, १० आणि १५ हे तिन्ही एकदम गायब असतील तर एचडीएमआयची रेंज तपासा : संगणक ०-२५५ पाठवतो आहे आणि स्क्रीन १६-२३५ समजते आहे. याच्या उलट घोटाळा असेल तर काळा राखाडी दिसतो आणि पांढरा मळका. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे पर्याय असतात. संगणकाच्या मॉनिटरला 'फुल' लागतो. पांढऱ्यात २५० दिसत नसेल तर बहुधा कोणीतरी कॉन्ट्रास्ट वाढवलेला आहे.

पैसे जमले की कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, घ्या, कॅलिब्राइटचा किंवा डेटाकलरचा स्पायडर, किंवा दोन-तीन एडिटरनी मिळून एक. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजा. लक्ष्य : डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२, आणि वर ठरवलेले निट. महिन्यातून एकदा पुन्हा. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे.

आता फोटो

स्क्रीन बसली तरी फक्त डोळ्यांवर विसंबू नका. डोळे काही मिनिटांतच कोणत्याही उजेडाला सरावतात, आकडे सरावत नाहीत. फोटोशॉपमध्ये एफ८ ने इन्फो पॅनेल उघडा, आयड्रॉपरचा नमुना 'पॉइंट' ऐवजी ५ बाय ५ करा आणि तीन जागी ठेवून बघा. भटजींचं धोतर किंवा पांढरा सदरा : विणकाम दिसायला हवं तर २३५ ते २४५. २५० च्या वर गेलं की कापड सपाट होतं. काळ्या सुटाच्या घड्या : २० ते ३०. नथीच्या मोत्यावरचा चमकता ठिपका किंवा शालूच्या जरीची तिरीप २५५ ला गेली तर जाऊ द्या. ती चमकच आहे, ती खाली ओढली की सोनं पितळेसारखं दिसतं.

चेहऱ्यासाठी एकच आकडा नसतो, आणि नसावा. ब्राइटनेस दुरुस्त करणं आणि माणसाला गोरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावळ्या नवरीचा चेहरा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या तुलनेत प्रत्यक्षात जसा होता, तसाच फोटोत राहिला पाहिजे. चेहरा उजळला आणि गळा-हात तसेच राहिले, तर चूक लांबूनही दिसते.

दुरुस्ती कशाने करायची? रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर आधी एक्स्पोजर, मग हायलाइट (उजळ भाग) आणि शॅडो. जेपेग असेल तर एक्स्पोजरला जपून हात लावा. २४० वर असलेला सदरा एक-तृतीयांश स्टॉप वाढवला तरी जळतो. त्याऐवजी लेव्हल्सचा मधला बाण वापरा, तो मुख्यतः मधल्या छटा हलवतो. तो १.०० वरून १.२० केला तर ११८ चा राखाडी १३४ होतो, २० चा काळा ३१ होतो, पण २४० फक्त २४२ पर्यंत जातो. बहुतेक 'थोडे डार्क' फोटो १.०५ ते १.१५ मध्ये सुटतात. काळा ३१ वर जाऊन फिकट झाला तर कर्व्हच्या खालच्या टोकाला एक बिंदू देऊन तो परत खाली बसवा.

फोटोभोवतीचा रंगही फसवतो. काळ्या पार्श्वभूमीवर फोटो उजळ वाटतो, पांढऱ्यावर डार्क. अल्बमचं पान पांढरं असणार असेल तर लाइटरूममध्ये फोटोबाहेरच्या जागेवर राइट क्लिक करून ती पांढरी करा आणि मगच निर्णय घ्या.

शेकडो फोटोंच्या कामात प्रत्येक प्रसंगाचा एक आधार-फोटो ठरवा. हळदीचा एक, अंतरपाटाचा एक, रिसेप्शनचा एक. बाकीचे त्याच्या शेजारी ठेवून जुळवा. एकामागून एक बघत गेलात तर पन्नासाव्या फोटोपर्यंत तुमचं माप नकळत सरकलेलं असतं.

एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी, आणि प्रोफाइल (कोणत्या आकड्याचा रंग कोणता ते सांगणारी नोंद) फाइलमध्ये घातलेला. अडोबी आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपल्ल्यात) काम केलं असेल तर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करा, 'असाइन' नको. असाइन केल्याने आकडे तेच राहतात आणि रंग बदलतात.

दुसऱ्यांच्या स्क्रीनवर

तयार फोटो एका मोबाइलवर, एका साध्या ऑफिस मॉनिटरवर आणि जमल्यास टीव्हीवर बघा. हे बघणं दुरुस्तीसाठी नाही, धोका हुडकण्यासाठी आहे. चेहरा कुठे जळतो का, काळ्या शेरवानीचा गोळा होतो का, एवढंच. एका मोबाइलवर डार्क दिसला म्हणून फाइल बदलू नका. तिन्हीकडे डार्क दिसला तरच बदला. टीव्हीचा पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करायला पार्टीला सांगा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

"आमच्या मोबाइलने काढलेले फोटो जास्त चमकदार आहेत," हे वाक्य आता वारंवार ऐकू येतं आणि ते खरं असतं. आयफोन आणि अँड्रॉइड १४ नंतरचे बरेच फोन फोटोसोबत एक उजेडाचा नकाशा साठवतात आणि स्वतःच्या पडद्यावर आकाश-दिवे खरोखर जास्त निटने पेटवतात. तुमचा साधा जेपेग त्याच्या शेजारी फिका दिसणारच. तो चढवून बरोबरी करायला जाऊ नका, मधल्या छटा फुटतील. पार्टीला तसं स्पष्ट सांगा.

आणि छपाई. पूर्ण अल्बम पाठवण्याआधी लॅबकडून एक तपासप्रिंट काढा. एकच फोटो, ज्यात चेहरा, पांढरं कापड आणि काळं कापड आहे, पाच वेळा एका ८ बाय १० च्या कागदावर : लेव्हल्स १.००, १.०५, १.१०, १.१५, १.२०, प्रत्येकाखाली आकडा लिहून. लॅब स्वतःचा प्रोफाइल देत असेल तर तो मागून घ्या. प्रिंट मंद दिव्याखाली बघून "डार्क" म्हणू नका. छपाईच्या मानकात साध्या पाहणीसाठी ५०० लक्स आणि बारीक तुलनेसाठी २००० लक्स उजेड धरलेला आहे. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असं धरून बघा. स्क्रीनशी जो तुकडा जुळेल तो तुमचा त्या लॅबपुरता, त्या कागदापुरता आकडा. १.१० जुळला तर छपाईच्या प्रतींनाच १.१० द्या, मोबाइलवर पाठवायच्या प्रतींना नाही. दोन्ही वेगळ्या फोल्डरात ठेवा. तपासप्रिंटच्या मागे तारीख, लॅब, कागदाचा प्रकार आणि मॉनिटरचा ब्राइटनेस आकडा लिहा. लॅबने ग्लॉसीऐवजी मॅट कागद वापरायला घेतला की नवी पट्टी काढावी लागते, कारण मॅटवर काळा तितका खोल उतरत नाही.