गोल ट्रॅकची रेस बघताना वेगमर्यादा कुठं शोधायची

लातूरला रिंग रोडवर माझं टायरचं दुकान आहे. दोन वर्षांमागं भाचा पुण्याहून सुट्टीला आला आणि रात्री मोबाइलवर गोल-गोल फिरणाऱ्या गाड्या बघत बसला. मी म्हणलं, "काय बघायलास रे? ह्याच्यापेक्षा घाण्याचा बैल बरा, निदान तेल तरी निघतं." तो म्हणाला, "मामा, गाड्या राहू द्या, चाकं कशी बदलायलेत ते बघा." बघितलं. चारही चाकं बदलून, टाकी भरून दहा-अकरा सेकंदांत गाडी बाहेर! माझ्याकडं पोरगं तेवढ्या वेळात जॅक शोधत असतं. तेव्हापासून मला ह्या रेसचा नाद लागला. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच कळत नाही, मलाही कळलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसपासून करा, ती इंडीकार म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेतली. मे महिन्याच्या शेवटाकडच्या रविवारी असते, आपल्याकडं रात्री सव्वादहाच्या सुमारास सुटते. मेमध्ये तसंही दहाला कुणाला झोप येते? गच्चीवर बाज टाकायची आणि बघायचं. फेब्रुवारीतली नॅस्कारची, म्हणजे तिकडच्याच बंद छताच्या गाड्यांच्या मालिकेची, डेटोना ५०० मात्र आपल्या मध्यरात्रीनंतर असते, सोमवारी दुकान उघडायचं असेल तर विचार करून बसा.

आता नियम. ट्रॅकवर 'कमाल वेग अमुक' अशी पाटी नसते. पळा किती पळायचं ते. पण पिट रोडवर, म्हणजे चाकं बदलायला गाड्या आत येतात त्या गल्लीत, पक्की मर्यादा असते. मी तुम्हाला सगळ्यात आधी तिथंच नजर ठेवायला सांगीन, कारण रेस बऱ्याचदा तिथंच हातची जाते. डेटोना, टॅलाडेगासारख्या मोठ्या ट्रॅकला पिट रोडवर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर. मार्टिन्सव्हिलसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. नॅस्कारमध्ये त्यावर ५ मैलांची सूट धरतात, तिच्या वर गेलात की दंड.

ही मर्यादा आधी नव्हती. नोव्हेंबर १९९० मध्ये अटलांटाच्या रेसमध्ये एक गाडी पिट रोडवर घसरली आणि मागचं चाक बदलणारा माइक रिच चेंगरून गेला. १९९१ पासून नियम आला. मीही दिवसभर रस्त्याच्या कडेला चाकाशी उकिडवाच बसलेला असतो, माझ्या पाठीमागून ट्रका जातात. हा नियम मला दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागला नाही.

गंमत पुढंच आहे. नॅस्कारच्या गाडीत स्पीडोमीटरच नसतो! इंडीकारवाल्यांना पिटमध्ये वेग बांधून ठेवायला बटण असतं, नॅस्कारमध्ये तसलं काही चालत नाही. ड्रायव्हर कुठल्या गिअरला इंजिनाचे फेरे किती, एवढंच बघतो. रेस सुरू व्हायच्या आधी गाड्या पेस कारमागं, म्हणजे सगळ्यांच्या पुढं वेग धरून चालणाऱ्या गाडीमागं, हळूहळू फिरतात ना, तेव्हा पेस कार पिट रोडच्या वेगानं चालवतात आणि सगळे आपापले फेरे मनात पक्के करून घेतात. तुम्ही तो वेळ चहा करण्यात घालवू नका.

वेग कसा पकडतात? पिट रोडचे टप्पे पाडलेले असतात आणि टप्प्याच्या टोकाला जमिनीत तारा पुरलेल्या असतात. ह्या तारेपासून त्या तारेपर्यंत किती वेळ लागला, त्यावरून सरासरी काढतात. आपण जालन्याहून समृद्धीवर चढलो की कॅमेरा दिसेपर्यंत १४० आणि कॅमेऱ्याखाली १२०, तसलं तिथं चालत नाही. पण एक फट आहे. ज्या टप्प्यात तुमची गाडी चाकं बदलायला उभी राहते, त्या टप्प्याची सरासरी आपोआप खाली येते. पक्के ड्रायव्हर तेवढ्यात पाय दाबून घेतात. म्हणून कुणाची जागा तारेच्या किती जवळ आहे ते बघा. हे कळल्यावर मी भाच्याला म्हणलं, "माणूस तिकडचा असो नाहीतर आपल्या लातूरचा, अक्कल सारखीच चालते."

वेग जास्त निघाला तर हिरव्या झेंड्यात, म्हणजे रेस जोरात चालू असताना, परत पिट रोडमधून त्याच मर्यादेनं जावं लागतं, तेवढ्यात एक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, जातो. पिवळ्या झेंड्यात, म्हणजे अपघातामुळं रेस हळू केलेली असताना, रांगेच्या शेपटीला.

चाकाचेही नियम आहेत. नॅस्कारमध्ये २०२२ पासून पाच नटांच्या जागी मधोमध एकच मोठा नट आलाय. तो नीट बसला नाही आणि चाक ट्रॅकवर सुटलं, तर दोन लॅपचा दंड आणि क्रूची माणसं पुढच्या रेसला घरी. एकदा घाईत माझ्याकडून एका छोट्या हत्तीचे नट हातानंच लावून राहिले, पाना फिरवायचा विसरलो. औशाच्या अलीकडं गाडी डुलायला लागली. ड्रायव्हर शहाणा, थांबला, आणि फोनवर मला जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. दोन लॅप परवडले असते.

दुसरी मर्यादा इंजिनाच्या नरड्यात आहे. टॅलाडेगाचा ट्रॅक २.६६ मैलांचा आणि वळणाला ३३ अंशांचा उतार. माळेगावच्या जत्रेतला मौत का कुआँ आठवा, भिंत जितकी उभी तितकी गाडी वेगात चिकटून राहते. १९८७ मध्ये बिल इलियटनं तिथं पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल गाठले, म्हणजे ३४२ किलोमीटर. त्याच रेसमध्ये बॉबी अ‍ॅलिसनचं टायर फुटलं, गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीवर गेली आणि माणसं जखमी झाली. पुढच्या वर्षी, १९८८ ला, टॅलाडेगा आणि डेटोनाला कार्ब्युरेटरखाली, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल जातं त्या वाटेवर, चार भोकांची पट्टी बसवायला लावली. हवा कमी, म्हणून ताकद कमी. एअर फिल्टर चोंदलेला टेम्पो चढावर कसा रडतो, तसंच, फक्त मुद्दाम केलेलं. २०१९ पासून तिच्या जागी निमुळत्या भोकांचा स्पेसर आहे, काम तेच.

पण ह्याला दुसरी बाजू आहे. सगळ्यांची ताकद सारखीच आवळली की कुणी कुणाला सोडून पळू शकत नाही. तीस-चाळीस गाड्या बंपरला बंपर लावून झुंडीनं फिरतात आणि एक हलली की पंधरा आपटतात. मला विचाराल तर हा इलाज निम्माच आहे. त्या दोन ट्रॅकवर आतल्या बाजूला दुहेरी पिवळी रेघ दिसेल, तिच्या खाली उतरून पुढं गेलात तर जागा काढून घेतात. शेवटच्या लॅपला नजर त्या रेघेवर ठेवा.

माणसाच्या अंगालाही मर्यादा असते. एप्रिल २००१ मध्ये टेक्ससच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर कार्ट नावाच्या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेच्या गाड्या ताशी ३७० किलोमीटरच्या वर जायला लागल्या. वळणावर अंगावर ५ जीच्या, म्हणजे आपल्याच वजनाच्या पाचपटीच्या, पुढं भार. २५ पैकी २१ ड्रायव्हरांना चक्कर यायला लागली. रेस सुरू व्हायच्या दोन तास आधी रद्द केली.

पिवळा झेंडा सोपा आहे, अपघात झाला की पेस कारमागं रांग, ओलांडणं बंद. २००३ पर्यंत पिवळा लागल्यावरही लॅप संपते त्या रेघेपर्यंत पळत सुटायचे, अपघातातल्या गाडीच्या बाजूनं! तेव्हापासून पिवळा दिवा लागला की जागा जिथल्या तिथं गोठते.

भिंतीकडं बघितलं तर काँक्रीटच्या पुढं पोलादी नळ्या दिसतील, त्यांच्यामागं फोमचे ठोकळे. नेब्रास्का विद्यापीठानं बनवलेली ही भिंत २००२ मध्ये पहिल्यांदा इंडियानापोलिसला लागली. आडतीतल्या सोयाबीनच्या थप्पीवर आपटणं आणि कोठाराच्या भिंतीवर आपटणं, एवढा फरक. ड्रायव्हरच्या खांद्यावर जू ठेवल्यासारखी पट्टी असते, तिचे पट्टे हेल्मेटला जोडलेले. बेल्टनं धड थांबतं पण डोकं पुढं जातं आणि कवटीचा तळ तुटतो. फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये डेल अर्नहार्ट असाच गेला. त्याच ऑक्टोबरपासून नॅस्कारनं मानेचा आधार सक्तीचा केला.

नॅस्कारच्या रेसमध्ये अपघात झाला की कॉमेंटरी ऐकू नका, ड्रायव्हरच्या खिडकीची जाळी बघा. शुद्धीवर असेल, धड असेल तर तो आतून जाळी सोडतो, तोच त्याचा निरोप. जाळी वर असेपर्यंत आमच्या गच्चीवर कुणी बोलत नाही. खाली पडली की भाचा उठतो, "मामा, चहा टाकू का?"